बोटातून एकदा साखर बघाल का?

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी नुकत्याच धार काढून आला असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आम्ही बचत गटाच्या बायका. एरवी आम्ही इथं बँकेचं कर्ज, शेळ्या, मसाल्याचा धंदा असलं बोलतो. आज एका पोरीबद्दल बोलणार आहोत. आमच्या गटातल्या एका ताईची ही लेक. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. मायलेकींना विचारूनच बोलतोय. काय सांगायचं आणि काय झाकायचं, ते त्या दोघींनीच ठरवून दिलंय.

गोष्ट मार्च महिन्यातली. पोरगी 12 वर्षांची, सातवीत. पळण्यात पहिली येणारी. पण त्या महिन्यात ती सारखी पाणी प्यायला लागली. शाळेत नेलेली बाटली पहिल्या सुट्टीतच रिकामी व्हायची. ऊन तापलं होतं, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. वर्गात ती सारखी बाहेर जायला मागायची, तर बाई म्हणाल्या, अभ्यासातून पळ काढतेस. पंजाबी ड्रेसची नाडी दोन बोटं जास्त आवळावी लागायची. आई म्हणाली, वाढीचं वय आहे, उंच व्हायला लागली की पोरी वाळतातच. दुपारी घरी आली की दप्तर टाकून झोपायची. आम्ही शेजारणी म्हणालो, पाळी यायची असेल.

आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं होतं. एवढी मोठी पोरगी, तिला शरम वाटली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती वाकळ परड्यात नेऊन वाळत घालायची.

तीन आठवडे असेच गेले. मग एका सोमवारी तिला उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा यायला लागल्या. आई तिला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पोट दाबून बघितलं, म्हणाले पित्त झालंय, ऊन लागलंय. एक इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. बुधवारी पोरगी उठेनाच, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, अशक्तपणा फार आहे, बाटली लावू. ग्लुकोजची बाटली लावली. आपल्याकडं बाटली लावली की माणसाला बरं वाटतं, निदान घरच्यांना तरी वाटतं. गुरुवारी संध्याकाळी पोरीचा श्वास भात्यासारखा चालायला लागला. पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं, तर तिथं दम्याचं औषध दिलं.

त्या रात्री तिची आजी उशाशी बसली होती. ती म्हणाली, "पोरीच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय गं. असला वास मी कधी बघितला नाही." सगळ्यांनी आजीला गप्प केलं.

रात्री 1 वाजता ताईनं आमचं दार वाजवलं. आमच्या गटाची पेटी आहे आणि तिच्या तीन किल्ल्या तीन घरांत असतात. तिन्ही घरं उठवली, पेटी उघडली, 5,000 रुपये काढून तिच्या हातात दिले. वस्तीवरच्या एका दादाचं वडाप काढलं आणि आम्ही तिघी पोरीबरोबर तालुक्याला निघालो. पोरीचं डोकं आमच्या मांडीवर होतं. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी ओ देत नव्हती.

तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरनी तिला बघितलं, तोंडाशी वाकल्या आणि आईला विचारलं, "पाणी फार पीत होती का? लघवीला सारखी जात होती का?" तीन आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. आई म्हणाली, हो. सिस्टरनी पोरीच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही. नुसती 'एच' आणि 'आय' अशी इंग्रजी दोन अक्षरं उमटली. आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. सिस्टर म्हणाल्या, बिघडलं नाही, साखर इतकी जास्त आहे की यंत्राला मोजता येत नाही. बहुतेक यंत्रं 600 पर्यंतच मोजतात.

तिथून 108 च्या गाडीनं जिल्ह्याला नेलं. पोरगी पाच दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर आम्ही काही सांगू शकलो नसतो.

तर मैत्रिणींनो, तिला झाला होता मधुमेह. आम्हीही तेव्हा म्हणालो, साखरेचा आजार तर म्हाताऱ्यांना होतो, पोरांना कसा होईल? पण होतो. लहान मुलांना, अगदी वर्षा-दोन वर्षांच्या बाळालाही होतो. त्याला टाइप 1 मधुमेह म्हणतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात 20 वर्षांखालची सव्वादोन लाखांहून जास्त मुलं या आजारासह जगताहेत. जगात इतकी मुलं दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत. म्हणजे हा कुठला तरी परदेशातला आजार नाही, आपल्याच वाड्या-वस्त्यांवरचा आहे.

तो कसा होतो, हे आम्हाला जिल्ह्याच्या डॉक्टरबाईंनी समजावलं. आम्ही आमच्या भाषेत सांगतो. आपण भाकरी खातो, तिची रक्तात साखर होते. ती साखर शरीराच्या कामी यायला इन्शुलिन लागतं. पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड असतं, ते इन्शुलिन तयार करतं. या मुलांच्या शरीरातली संरक्षणाची यंत्रणा चुकून स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते आणि इन्शुलिन तयार होणं थांबतं. मग गटाच्या पेटीसारखं होतं. पेटीत पैसा भरलेला, पण किल्ली नाही. रक्तात साखर भरून वाहते आणि शरीर मात्र उपाशी.

जास्तीची साखर लघवीतून बाहेर पडते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते आणि म्हणून तहान लागते. शरीर उपाशी, म्हणून मूल वाळतं आणि थकतं. शेवटी शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून रक्तात आम्ल साठतं. त्यानं उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला तो वास येतो. आजीला आला होता, तोच. आणि या अवस्थेत साखर न तपासता ग्लुकोजची बाटली लावली, तर भरलेल्या रक्तात आणखी साखर पडते.

गोड खाल्लं म्हणून हा आजार होत नाही. आईनं काही चुकीचं खाल्लं, कुणाची दृष्ट लागली, मागच्या जन्मीचं काही, यातलं काहीही खरं नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

पोरगी घरी आल्यावर आम्ही पाच जणी पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नाही गेलो. रात्री-अपरात्री तेच दार उघडतात, हे आम्हाला माहीत आहे. आईनं जिल्ह्याचे कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही पाणी आणि लघवीचं सांगितलं असतं, तर माझ्या डोक्यात आलं असतं." आई म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, दिवसाला 80 पेशंट येतात, उलटी-पोटदुखीचीच कितीतरी पोरं असतात, त्यातलं एक असं निघेल हे डोक्यातच आलं नाही. त्यांनी चूक झाली असं सरळ म्हटलं. आम्हाला ते पुष्कळ वाटलं. आता त्यांच्या टेबलावर साखरेचं यंत्र असतं आणि उलटी करणाऱ्या पोराचं बोट ते आधी बघतात. दुसऱ्या डॉक्टरांनी आमच्याशी बोलायला नकार दिला. तेही सांगून टाकतो.

पण मैत्रिणींनो, बोट नुसतं डॉक्टरांकडे दाखवून चालणार नाही. आमच्या गावातल्या उपकेंद्रात साखर मोजायचं यंत्र होतंच. तिच्या घरापासून तीनशे पावलांवर. दर महिन्याला तिथं बीपी आणि साखर तपासतात, आम्हीच बायकांना गोळा करून नेतो. पण ती तपासणी तिशीच्या पुढच्यांची. 12 वर्षांच्या पोरीचं बोट त्या यंत्राला लावावं, हे ना नर्सबाईंना सुचलं, ना आशाताईंना, ना आम्हाला.

आणखी एक सांगतो, ते सांगणं अवघड आहे. हा सगळा प्रकार आम्ही गटाच्या बैठकीत सांगत होतो. तहान, लघवी, वाळणं, उलट्या, जोरात श्वास. आमच्यातली एक ताई मधेच उठून बाहेर गेली. आठ वर्षांपूर्वी तिचा 5 वर्षांचा मुलगा तीन-चार दिवसांच्या आजारपणात गेला होता. तेव्हा कुणी म्हणालं ताप डोक्यात गेला, कुणी म्हणालं बाहेरचं झालं. बैठक संपल्यावर तिनं विचारलं, "माझ्या पोराला हेच झालं होतं का? त्यालाही पाणी पुरत नव्हतं." आम्ही काय सांगणार? म्हणालो, ताई, आता ते कळायला मार्ग नाही. ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाला तरी कळू दे." आज आम्ही बोलतोय ते तिच्या त्या शब्दामुळं.

आता काय लक्षात ठेवायचं ते सांगतो. चारच गोष्टी आहेत. तहान, लघवी, वाळणं, थकवा. मूल नेहमीपेक्षा खूप पाणी पितंय. लघवीला सारखं जातंय, रात्रीही उठतंय, किंवा अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा करायला लागलंय. खाऊनपिऊन वाळतंय. खेळायचं सोडून पडून राहतंय. तान्ह्या बाळाचं दुपटं सारखं ओलं आणि जड लागेल, बाळ पाण्यासाठी रडेल. पोरींना लघवीच्या जागी खाज सुटते. कधी लघवीच्या जागी मुंग्या लागतात. आपले जुने लोक या आजाराला मधुमेह उगाच म्हणत नव्हते.

या चारांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी बोटातून साखर बघून घ्या. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, कुठंही. एक थेंब रक्त आणि अर्धा मिनिट, एवढंच लागतं. उपाशीपोटी जायची गरज नाही. आकडा 200 किंवा त्याच्या वर आला, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. सोबत उलट्या, जोराचा श्वास किंवा गुंगी असेल, तर 108 ला फोन करा. साखर बरोबर निघाली, तर चांगलंच झालं. एका टोचणीनं मनातली शंका गेली.

डॉक्टरांशी कसं बोलायचं, याचीही आम्ही गटात तालीम केली. आपण आत गेलो की घाबरतो, 'उलट्या होतायत' एवढंच सांगून बाहेर येतो. तसं करू नका. घरीच कागदावर लिहून घ्या, किंवा शिकलेल्या पोराकडून लिहून घ्या. कधीपासून, काय काय, कुठं दाखवलं, कोणतं औषध दिलं. मागच्या चिठ्ठ्या सोबत न्या. आणि शेवटी हे वाक्य म्हणा, "डॉक्टर, पोर पाणी फार पितंय, लघवीला सारखं जातंय आणि वाळलंय. बाटली लावायच्या आधी बोटातून एकदा साखर बघाल का?" यात भांडण नाही, डॉक्टरांचा अपमान नाही. आईनं जे बघितलंय, ते दुसरं कुणी बघितलेलं नसतं. ते त्यांच्यापर्यंत पोचवणं आपलं काम.

बाकीच्या दुखण्यांनाही हे लागू आहे. मूल पांढरं पडत चाललंय, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग येतायत, हाडं दुखतायत. रोज सकाळी डोकं दुखून उलटी होते. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे. त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा दवाखान्याची पायरी चढलात, तर विचारा, "डॉक्टर, यात दुसरं काही असू शकतं का? कुठली तपासणी करायची का? पुढं कुठं दाखवू का?"

एका वाक्यानं एवढं काय होणार, असं वाटेल. इटलीत पार्मा नावाचा जिल्हा आहे. तिथं 1991 पासून शाळाशाळांत एक भित्तिपत्रक लावलं. मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलंय का, फार पाणी पितंय का, असे साधे प्रश्न त्यावर होते. लहान मुलांच्या डॉक्टरांना साखर तपासायची साधनं दिली. त्याआधी तिथं नव्यानं मधुमेह निघालेल्या 100 मुलांतली सुमारे 78 रक्तात आम्ल साठलेल्या अवस्थेत दवाखान्यात पोचायची. पुढच्या काही वर्षांत ती 12-13 वर आली. औषध तेच होतं. फक्त लोकांना काय बघायचं ते कळलं होतं.

आणि औषध आहे, हे विसरू नका. 1922 च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरात 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं. त्याआधी अशी मुलं जगत नसत. तो पुढं 13 वर्षं जगला. आज तर औषध खूपच सुधारलंय. आपली पोरं शिकू शकतात, पळू शकतात, संसार करू शकतात. फक्त इन्शुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. कुणी मुळी देतो म्हणेल, कुणी चूर्ण देतो म्हणेल, त्याच्या नादी लागून इंजेक्शन सोडलं तर थोड्याच दिवसांत मूल हातचं जातं.

आमच्या ताईकडं फ्रीज नाही. ती इन्शुलिन प्लॅस्टिकच्या डबीत घालून मातीच्या ओल्या मडक्यात सावलीत ठेवते, ते दवाखान्यातच शिकवलं. शाळेत बाईंना सांगून ठेवलंय की पोरीला घाम फुटला, थरथर सुटली, तर लगेच साखर खायला द्यायची. तिच्या दप्तरात साखरेची पुडी असते. त्याच बाई आता वर्गात कुणी बाहेर जायला मागितलं तर अडवत नाहीत. ग्रामसंघानं शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर त्या चार गोष्टी रंगवून घेतल्या. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी आता गटातली एक बाई तिथं थांबते आणि आईनं सांगितलेलं पथकाच्या डॉक्टरांना सांगते.

काही जणी म्हणाल्या, पोरीची जात आहे, उद्या लग्न जमवायचंय, एवढा बोभाटा कशाला. तिची आई म्हणाली, झाकून ठेवलं म्हणून तर अतिदक्षता विभागात गेली. आम्हाला यापुढं काही बोलावं लागलं नाही.

आता ती आठवीत आहे. इंजेक्शन स्वतःचं स्वतः घेते. पळायलाही लागलीय, अजून पहिली येत नाही, पण येईल. तुमच्याशी बोलायला यायच्या आधी आम्ही तिला विचारलं, तुझं काय काय सांगू? तिनं सगळं सांगायची परवानगी दिली, वाकळेचंसुद्धा. म्हणाली, "ते तर नक्की सांगा. आणि म्हणावं, पोरीचं अंथरूण ओलं झालं तर रागावू नका. जवळ घेऊन विचारा."

तेवढं आज रात्री करा, मैत्रिणींनो. नमस्कार.